घर वजा करून

गाडीत फोडणी दिली असेल तर धूर पूर्ण जाईपर्यंत नाक चालवू नये. तेलाचा थर गाळणीवर बसतो आणि मग दिवसभर काही कळत नाही.

•

माणूस बसल्या जागी झडत असतो. बोलताना, खाजवताना, मान वळवताना, नुसता श्वास सोडताना. झाडाला निदान ऋतू असतो.

•

"नमस्कार मंडळी! 'दोघांची टपरी'मध्ये पुन्हा एकदा स्वागत. आज आपण आहोत कच्छमध्ये आणि आजचा मेनू आहे पिठलं. सारंग, कॅमेऱ्याकडं बघ की जरा. कॅमेरा दिसला की हा लग्नातल्या मामासारखा ताठ उभा राहतो."

•

रावीच्या खोऱ्यात एका वळणावर एक दाढीवाला माणूस तांदळाचं पीठ पातळ भिजवून तव्यावर घावनं घालतो. गिऱ्हाइकं त्याला 'चावल का चीला' म्हणतात. तो कुणाला दुरुस्त करत नाही.

•

करडा मफलर. हातानं विणलेला. एका टोकाची लोकर उसवलेली.

•

जुळणी झाली की पोलिसांना कळवणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. जुळणी होतच नसेल तर काय करायचं, याबद्दल कायदा गप्प आहे.

•

ओजसला ताईच्या हातचं पिठलं आवडत नसे. तसं तो तिच्या तोंडावर सांगे.

नाक

मृणाल आणि सारंगचं घर म्हणजे एक जुनी मिनीबस होती. कोल्हापूरच्या एका गॅरेजवाल्यानं तिच्यातली बाकडी काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून दिली होती. राहता फ्लॅट विकून दोघं तिच्यात राहायला आले, तेव्हा मृणालची आत्या म्हणाली, "घर विकून टपरी घेतली पोरांनी." नाव तेच पडलं. मृणाल त्याआधी शाळेत भूगोल शिकवायची, सारंग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायचा. आता ते देशभर फिरत, फिरतानाचे व्हिडिओ टाकत, आणि बघणाऱ्यांना वाटे, काय नशीबवान जोडपं आहे.

ते एका माणसाला शोधत होते.

ओजस हा मृणालचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. एका खासगी साहसी पार्कात, दोन डोंगरांमधल्या तारेवरून घसरत जाताना त्याचा कमरेचा पट्टा तुटला. पट्टे झिजलेत हे तिथल्या कामगारांनी मालकाला सांगितलं होतं. मालक जयवंत कुडतरकर. ओजसला दरीतून वर काढायच्या आधीच तो पसार झाला. ऑफिसच्या खुंटीवर त्याची टोपी राहिली.

टोपी पुरेशी होती. हवेतून जनुकं वाचायचं तंत्र तोवर स्वस्त झालेलं होतं. मुळात ते जंगलासाठी निघालं. हवा ओढून घ्यायची, गाळणीवर जे अडकेल त्यातले डीएनएचे तुकडे वेगळे करायचे, आणि या रानात वाघ आहे, खवल्या मांजर आहे, हे प्राणी न बघता सांगायचं. प्रत्येक तुकडा एका अतिसूक्ष्म छिद्रातून दोऱ्यासारखा ओवला जातो. ओवला जाताना छिद्रातला विजेचा प्रवाह अक्षरागणिक वेगळा थरथरतो, आणि त्या थरथरीवरून अक्षरं लावता येतात. जंगलातल्या यंत्रांना पहिल्यापासून एक त्रास होता. वाघाबरोबर माणसंही सापडत, आणि नेमका कोण माणूस हेही कळे. पुढं त्या त्रासाचाच धंदा झाला.

मग कायदा आला. फरार आरोपी पोलिसांना सापडत नसेल तर मृताच्या नातेवाइकांना शोधाचा परवाना मिळू लागला. एका कुटुंबाला एक यंत्र, आणि त्या यंत्रात एकाच माणसाची ओळख. मृणालनं परवाना काढला आणि टोपीवरून घेतलेली कुडतरकरची ओळख यंत्रात भरली गेली.

यंत्र डालड्याच्या डब्याएवढं होतं. पुढं हवा ओढणारी नळी. दोघं त्याला नाक म्हणत. वारा बरा असेल तर नाक अर्ध्या गावाची हवा चाळी. उन्हात हे तुकडे लवकर मोडतात, त्यामुळं नाक वाजलं म्हणजे माणूस इथंच आहे किंवा आत्ताच इथून गेलाय असं समजायचं. कंपनीनं दिलेली पिपाणी सारंगला सहन होईना, म्हणून त्यानं तिच्याजागी सायकलची घंटी बसवली होती.

एकच भानगड होती. नाकाजवळ राहणारी माणसं इतकी झडत असतात की लांबून आलेला एखादा तुकडा त्यांच्या गर्दीत बुडून जातो. म्हणून रोज सकाळी दारं-खिडक्या लावून नाकाला आधी गाडीतलीच हवा हुंगवायची. त्या हवेत जे कोण असेल त्याला नाक 'घर' समजतं आणि दिवसभर त्याच्याकडं दुर्लक्ष करतं. सारंग याला घर वजा करणं म्हणे. तो घर वजा करी, तोवर मृणाल चहा टाकी.

"झालं का वजा?"

"झालं."

"मी पण?"

"तू आधी."

रोजचा हा एवढा विनोद होता. लग्नातला बाकीचा विनोद ओजसबरोबर गेला होता.

रण

कुडतरकरचा कुणी मावसभाऊ मिठाच्या कामावर असतो अशी कुणकुण लागली, म्हणून ते कच्छच्या रणाच्या कडेला येऊन थांबले. त्या सकाळी गॅस संपत आला होता. एक अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारा, मोटरसायकलवरून गावाकडं निघालेला दिसला. सारंग दुसरं, रिकामं सिलिंडर घेऊन त्याच्या मागं बसून गेला. घाईत वजा करायचं राहिलं.

व्हिडिओची सुरुवात तो जायच्या आधीच करून झाली होती. उरलेल्या गॅसवर मृणालनं पिठलं केलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, धूर छताला लागला. कॅमेरा बंद केल्यावर तिला आठवलं की आज नाक चालू केलेलं नाही. ती ते कधी चालू करत नसे. ते सारंगचं काम. गाडीत तर धूर होता. म्हणून तिनं नाक उचललं, एक स्टूल घेतलं, आणि वारा येत होता त्या बाजूला चालत गाडीपासून लांब गेली. पांढऱ्या मिठावर स्टूल ठेवलं. आजूबाजूला माणूस नाही, झाड नाही, सावली नाही. तिथं तिनं वजाचं बटण दाबलं आणि कपड्यांना धूर लागलेला म्हणून स्वतः मागं सरून वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी राहिली.

तिच्या मते वजा म्हणजे वजा. कुठल्याही हवेचं केलं म्हणून काय बिघडतं?

नाकानं त्या दिवशी रणाला घर मानलं. तिथं कुणीच नव्हतं.

धूर गेल्यावर मृणालनं नाक गाडीत आणून त्याच्या जागेवर ठेवलं आणि पातेलं घासायला घेतलं. पातेलं अर्धं घासून झालं असेल, तेव्हा घंटी वाजली.

आधी तिला वाटलं, अगरिया परत आला. मग तिच्या हातातून घासणी पडली. ही घंटी तिनं चाचणीतच ऐकली होती, टोपी नळीसमोर धरून. पडद्यावर जुळणी दिसत होती. पुसट नव्हती. ठसठशीत होती.

तिनं सुरी घेतली. गाडीखाली वाकून बघितलं. छतावर चढून चारी दिशांना बघितलं. क्षितिजापर्यंत मीठ. तिनं नाक बंद करून परत चालू केलं. परत घंटी.

तो इथं आहे. गाडीत आहे.

मग तिनं नळी हातात धरून गाडी हुंगायला सुरुवात केली. पलंगाजवळ आकडा थोडा चढला. ओट्याजवळ उतरला. चालकाशेजारच्या सीटपाशी नाक ठणाणा करायला लागलं. ती सारंगची सीट. खाली हत्यारांची पेटी होती. पेटीत पाने, जॅकची दांडी, दोरी, आणि तळाशी एक स्टीलचा डबा. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं बारीक बारीक भोकं पाडलेली होती. आत करडा मफलर होता.

भोकं ती बराच वेळ बघत राहिली. डबा विसरला जाऊ शकतो. भोकं कुणी विसरून पाडत नाही.

आणि मग भूगोलाच्या बाईंना गणित सुटलं. डबा गाडीत. डब्यातून तो रोज थोडा थोडा झडतोय. रोज सकाळी, ती चहा टाकत असताना, सारंग नाकाला सांगतोय की मृणाल घरची, सारंग घरचा आणि कुडतरकरही घरचा. एवढे दिवस तो समोरून चालत गेला असता, गाडीच्या काचेवर त्यानं टकटक केली असती, तरी नाक वाजलं नसतं.

मफलर

सारंग भरलेलं सिलिंडर घेऊन परतला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मृणाल गाडीच्या पायरीवर बसली होती. गळ्यात मफलर गुंडाळलेला.

"अगं, या उन्हाचं काय हे," तो हसत म्हणाला. मग त्याला मफलर दिसला. त्यानं सिलिंडर खाली ठेवलं, अंडी ठेवावीत तसं.

"उबदार आहे," ती म्हणाली. "विणला कुणी?"

"मृणाल, ऐक."

"वीण छान आहे. बायकोनं विणला असेल. आहे का बायको त्याला?"

"होती. सोडून गेली."

"अरेरे."

तो तिच्यासमोर मिठावरच बसला. मग म्हणाला, "तू चंब्याच्या दवाखान्यात होतीस. कावीळ झालेली तेव्हा. मी एकटा गाडी घेऊन वरच्या रस्त्याला गेलो होतो. एका वळणावर नाक वाजलं. घावनं करत होता."

"घावनं."

"मी समोर बसलो. त्यानं मला ओळखलं, बातम्यांत फोटो बघितलेत म्हणाला आपले. पळाला नाही. नुसता हात पुसत उभा राहिला. म्हणाला, न्या मला."

"आणि तू त्याचा मफलर घेऊन आलास. आहेर म्हणून."

"दुसऱ्या दिवशी तुला घरी सोडणार होते. आपण त्याच रस्त्यानं जाणार होतो, नाक पुन्हा वाजलं असतं."

"गेलो की. मला आठवतंय. मी भूक लागली म्हटलं तर तू म्हणालास, पुढं बरा ढाबा आहे." तिनं मफलरचा पीळ सैल केला. "त्यानंतर आपण आसाम केलं. ओडिशा केलं. प्रत्येक बसस्टँडवर मी हे नाक छातीशी धरून उभी राहिले. लोक मला प्रदूषण खात्याची समजून गटारांच्या तक्रारी सांगायचे. मी ऐकून घ्यायचे. आणि हा तुझ्या ढुंगणाखाली होता."

"तो मोडलाय गं. तू बघितलंस तर—"

"म्हणून दया आली तुला."

"दया नाही." सारंगनं मिठाचा खडा उचलला आणि बोटांत चुरला. "दया असती तर बरं झालं असतं. नाक वाजलं आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? संपलं, आपलं संपलं. हा सापडला की गाडी विकायची, कोल्हापूरला भाड्यानं घर घ्यायचं, तू एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. ओजस गेल्यावर तू माझ्याशी बोलत नव्हतीस मृणाल. या गाडीत बसल्यावर परत बोलायला लागलीस. नकाशा कुठाय, डिझेल किती आहे, एवढंच. पण बोलायला लागलीस."

"म्हणजे माझा भाऊ मेला आणि तुला फिरायला मिळालं."

मृणाल उठली. मफलर काढून तिनं डब्यात ठेवला, आणि डब्याला दुसरं, धड झाकण लावलं. आत जाऊन ताट वाढलं.

"बस. पिठलं खा. मग गाडी तू चालवायची. रस्ता तुला माहीत आहे."

उत्तरेकडं

राधनपूर. गाडीत रुसून जायला खोली नसते. तिनं पलंगावर मधोमध गव्हाच्या पिठाचा डबा ठेवला. सारंग झोपेत त्याच्यावर हात टाकून झोपला.

पाली. "नमस्कार मंडळी! आज सारंगराव गाडी चालवतायत, कारण आजचा मुक्काम हे सरप्राइज आहे. हो ना रे? सांग ना मंडळींना, किती दिवसांपासून जपून ठेवलंयस." खाली कुणीतरी लिहिलं: असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मृणालनं त्या ओळीला लाल बदाम दिला.

हनुमानगढ. "तू मला मार," सारंग म्हणाला. "शिव्या दे. काहीतरी कर." ती लिंबू कापत होती. म्हणाली, "सरबतात मीठ घालू की साखर?"

पठाणकोट. रोज सकाळी ती नाक घेऊन गाडीपासून लांब जाते. शेताच्या बांधावर, कालव्याच्या कडेला. उघड्या हवेला घर म्हणायला शिकवते. परत आली की पडद्यावर दोन माणसं दिसतात, परकी म्हणून नोंदलेली. एक ती. एक तो.

सारंगनं ते बघितलं. तो प्रयोगशाळेतला माणूस होता, त्याला कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

वळण

गाडी थांबायच्या आधीच घंटी वाजली.

पत्र्याचं छप्पर, एक बाकडं, तवा. दाढीवाला माणूस वाकून पीठ ढवळत होता. मृणालनं याच्या चेहऱ्याचे फोटो इतके बघितले होते की आता खरा चेहरा खोटा वाटला. फोटोतल्या माणसाला गाल होते.

घंटीचा आवाज ऐकून त्यानं वर बघितलं. आधी सारंगकडं, मग तिच्याकडं. मराठी बोलायची वेळ क्वचितच येणाऱ्या त्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो मालवणी.

"येवा," तो म्हणाला. "बसा."

ती बसली. त्यानं दोन घावनं घातली, पानावर ठेवली, शेजारी गूळ. घावनाची जाळी सुरेख पडली होती. तिनं खाल्लं. सगळं खाल्लं. सारंगनं आपलं पान तसंच ठेवलं.

"पोलीस खंय?" कुडतरकरनं विचारलं.

"नाहीत."

"मगे कधी येतले?"

"कोण बोलावणार त्यांना?"

तो गोंधळला. फडक्यानं कोरडे हात परत पुसले. "तुमी. तुमच्याकडे परवानो असा ना? ह्येंका मी मागेच सांगलंय, न्या म्हणून. ठाणा खालीच असा, पुलाकडे. मी दोन फावटी गेलंय थंय. दारातसून परत इलंय. पाय उचलत नाय. तुमी हाताक धरून नेलात तर येतलंय."

"हाताला धरून."

"होय."

"माझा भाऊ तुमच्या माणसाचा हात धरून त्या फळीवर उभा राहिला होता," मृणाल म्हणाली. "त्यानं हात सोडला तेव्हा ओजस हसत होता. व्हिडिओ आहे. मी तुम्हाला हात देणार नाही, कुडतरकर. नेणार नाही, कळवणार नाही, शिवीसुद्धा देणार नाही. ठाणं खाली आहे. पाय तुमचे आहेत."

"अगं, हा गुन्हा आहे," सारंग म्हणाला. "जुळणी झाली की कळवावं लागतं. तूच अडकशील."

"जुळणी?" ती त्याच्याकडं वळली. "कुठं झाली जुळणी? आपल्या नाकाला तर हा दिसतच नाही. तूच बिघडवलंयस ना ते?"

मग तिनं सांगितलं गाडी कुठं लावायची. कुडतरकरच्या टपरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, दारासमोर दार येईल अशी.

विटा

चाकं तिनं स्वतः काढली. जॅक लावून एकेक. सारंग बघत उभा राहिला. मग एका ट्रकवाल्याला हाक मारून तिनं ती देऊन टाकली. गाडी विटांच्या थरांवर टेकली तेव्हा आतली भांडी एकदाच वाजली आणि गप्प झाली.

"किती दिवस?" सारंगनं विचारलं.

"तुला कुठं जायची घाई आहे? तुला गाडीतच राहायचं होतं ना माझ्याबरोबर? राहा."

"मी जाऊन सांगेन ठाण्यात."

"जा की. त्याच्याबरोबर तुझंही नाव सांग. लपवणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. डबा माझ्याकडं आहे, झाकणासकट."

तो गेला नाही. तिला माहीत होतं तो जाणार नाही. तोही पाय न उचलणाऱ्यांपैकीच होता.

तिचा दिनक्रम बसला. उजाडताना ती नाक घेऊन वरच्या देवदारांत जाई, तिथली हवा घर म्हणून भरून घेई, खाली येऊन नाक पायरीवर ठेवी. नळी टपरीच्या दिशेनं. कुडतरकर चूल पेटवायला बाहेर आला की थोड्याच वेळात घंटी वाजे. ती बंद करत नसे. पूर्ण वाजू देई.

पहिल्या आठवड्यात तो घंटी वाजली की दचके. नंतर दचकायचा थांबला. नंतर घंटी वाजायच्या आधीच खांदे उचलून धरायला लागला, थंड पाणी अंगावर घेण्याआधी माणूस उचलतो तसे. मृणालला हे खांदे बघायला आवडे. त्यासाठी ती चहा घेऊन पायरीवर बसे.

कधी कधी तो टपरी तशीच सोडून खाली पुलाच्या रस्त्याला लागे. ती उठत नसे. वळणापलीकडं तो दिसेनासा होई. आणि मग परत येई, मान खाली घालून, आणि पीठ ढवळायला घेई.

"नाही जमलं?" ती रस्त्यापलीकडून विचारी, अगदी शेजारणीच्या आवाजात.

वरच्या वाडीतली एक म्हातारी रोज लाकडं घेऊन जाताना घंटी ऐके. एकदा हात जोडून थांबली. "कौन से देवता की घंटी है, बेटी?"

"पता नहीं अम्मा," मृणाल म्हणाली. "नीचे जाता है, वापस आता है."

म्हातारीला ते पटलं. डोंगरातले देव तसेच असतात. दुसऱ्या दिवसापासून ती नाकासमोर झेंडूचं फूल ठेवून जायला लागली.

सारंग वाळत चालला. व्हिडिओ बंद झाले. बघणारे विचारत, नवा प्रवास कधी? संध्याकाळी तो चाकांच्या रिकाम्या खोबणींकडं बघत बसे. एकदा म्हणाला, "तू त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतेस."

"त्यानं मला फसवलेलं नाही," ती म्हणाली. "त्यानं जे केलं ते केलं. तू रोज सकाळी करत होतास."

थंडी पडली. प्रवासी आटले. टपरीला गिऱ्हाईक ही दोघंच राहिली. कुडतरकर दोघांसाठी तवा तापवी, आणि ती दोघं रस्ता ओलांडून जाऊन खात. लांबून कुणी बघितलं असतं तर एक कुटुंब जेवतंय असं वाटलं असतं.

घंटी

मग एका सकाळी नाक वाजलं नाही.

रात्रभर बर्फ भुरभुरत होता आणि आता थांबला होता. टपरीचं दार उघडं होतं. चुलीत राख होती. रस्त्यावर पावलं उमटलेली होती, खाली जाणारी, ठळक, एका पायाची थोडी फरफटलेली.

"गेला," सारंग म्हणाला. त्याच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी ऊब होती. "मृणाल, गेला तो. पुलाकडं गेला. संपलं." आणि तो गाडीच्या मागं जाऊन जॅक शोधायला लागला, जशी काही चाकं तिथंच असणार होती.

मृणालनं नाक उचललं. नळी हलवून बघितली. गाळणी काढून फुंकली, परत बसवली. वर देवदारांकडं धावली, नव्यानं वजा केलं, धापा टाकत खाली आली. पडद्यावर दोन परकी माणसं. ती आणि सारंग. बाकी स्वच्छ हवा.

"अगं पुरे आता," सारंग म्हणाला. "तुला हवं तेच झालं. स्वतःच्या पायांनी गेला. जिंकलीस तू."

ती रस्त्याच्या मध्ये उभी होती. ठाणं पुलाच्या अलीकडं आहे. नदी पुलाखाली आहे. पावलं दोन्हीकडं सारखीच जातात. पण तिच्या चेहऱ्यावर होतं ते वेगळंच काहीतरी, आणि सारंगला ते ओळखू यायला वेळ लागला नाही, कारण चंब्याच्या वरच्या रस्त्यावर, नाक वाजलं तेव्हा, गाडीच्या आरशात त्यानं ते स्वतःच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

"मृणाल," तो हळूच म्हणाला. "आता पुढं काय करायचं, तुला माहीत नाहीये ना?"

ती वळली, पायरीवर जाऊन बसली. चहा केला नाही. ऊन छपराच्या पत्र्यावर आलं, बर्फ ठिबकायला लागला. सारंग तिच्या शेजारी बसला आणि तिनं त्याला उठवलं नाही. पहिल्यांदाच उठवलं नाही. त्यानं हात पुढं केला, तो तिच्या हातापर्यंत पोचायच्या बेतात होता.

घंटी वाजली.

वळणावरून कुडतरकर वर येत होता. दाढीला बर्फ, हात काखेत. वाटेत दोनदा थांबला. टपरीशी आल्यावर त्यानं नेहमीसारखी मान खाली घातली आणि काटक्या मोडायला घेतल्या.

मृणाल उठली. तिनं केसांवरून हात फिरवला, शाल नीट केली. सारंगला तिचा चेहरा बाजूनं दिसत होता. ती हसत होती. कॅमेऱ्यासाठी हसे तसं नाही. लग्नाआधी, बसस्टॉपवर त्याला येताना बघून हसे, तसं.

"नाही जमलं?" तिनं हाक मारली. आणि उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडायला लागली. "असू दे. पीठ भिजवा. भूक लागलीय."

ओजस ज्या दिवशी पडला त्याच्या आदल्या दिवशी कुडतरकरनं मागवलेले नवे पट्टे पार्कात पोचले होते. खोकं उघडायचं राहिलं होतं.